झाडे वाटणारा बॅरन

क्रिकेटच्या बॅटमुळे विलो हे नाव भारतीय वाचकाला परके नाही. हलके, चिवट आणि चेंडूचा आघात सहज पेलणारे त्याचे लाकूड. सह्याद्रीतील ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणारे वाळुंज हे झाडही याच कुळातले. आपापल्या मायभूमीत ही झाडे नदीकाठाची सोबतीण म्हणून शतकानुशतके नांदत आली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात मात्र विलो या शब्दाला वेगळाच अर्थ प्राप्त झाला आहे. तेथे नदीकाठच्या विलोंवर करवती चालवल्या जातात, त्यांच्या खोडांना भोके पाडून तणनाशक भरले जाते, डोंगरमाथ्यावरच्या दलदलींतून त्यांची रोपे हातांनी उपटली जातात. १९९९ साली ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय महत्त्वाच्या वीस घातक तणांची पहिली यादी जाहीर केली, तेव्हा मोजके अपवाद वगळता विलोचे संपूर्ण कुळ त्या यादीत समाविष्ट करण्यात आले. एखाद्या डेरेदार वृक्षाची गणना तणांत व्हावी, ही घटना विचार करायला लावणारी आहे.

विलो ऑस्ट्रेलियात कोणा एका माणसाने आणला नाही. वसाहतींच्या प्रारंभापासून अनेकांनी त्याच्या काड्या बोटींतून आणल्या आणि काठाकाठाने रोवल्या. परंतु परदेशी झाडे आणून नव्या भूमीला समृद्ध करावे, या एकोणिसाव्या शतकातील विश्वासाला शास्त्राचे अधिष्ठान देणारा सर्वांत विद्वान पुरुष शोधायचा झाला, तर बॅरन फर्डिनांड फॉन म्युलर यांच्यापाशी थांबावे लागते. ऑस्ट्रेलियातील मूळच्या वनस्पतींचा त्यांच्याइतका अभ्यास त्यांच्या काळात कोणीही केला नव्हता, आणि परक्या वनस्पतींचे स्वागतही त्यांच्याइतके मनापासून फार थोड्यांनी केले.

म्युलर यांचा जन्म ३० जून १८२५ रोजी जर्मनीतील रॉस्टॉक या बंदरगावी झाला. वडील जकात खात्यात अधिकारी होते. फर्डिनांड लहान असतानाच ते वारले आणि पुढे काही वर्षांत आईचेही छत्र हरपले. क्षयरोगाची छाया या घरावर कायम राहिली. पंधराव्या वर्षी फर्डिनांड श्लेस्विग प्रांतातील हुसुम या गावी एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला लागले. त्या काळात औषधाचा धंदा म्हणजे वनस्पतींची ओळख आलीच. समुद्रालगतच्या त्या सखल, ओलसर मुलुखात हा मुलगा वनस्पती गोळा करीत हिंडू लागला. तेथे विलो हे पाणवठ्याकाठचे नित्याचे झाड. त्याच्या फोकांच्या टोपल्या विणाव्यात, त्याच्या मुळांनी काठ बांधून ठेवावा, हे युरोपातील खेडुताला कोणी शिकवावे लागत नसे. पुढे कील विद्यापीठात म्युलर यांनी याच परिसरातील वनस्पतींवर प्रबंध लिहिला आणि १८४७ साली डॉक्टरेट मिळवली.

त्याच वर्षी त्यांनी मायभूमी सोडली. उबदार, कोरडी हवा प्रकृतीला मानवेल या आशेने दोन बहिणींना घेऊन ते जहाजात बसले आणि डिसेंबर १८४७ मध्ये ॲडलेडला उतरले. ॲडलेडच्या एका औषधालयात त्यांनी नोकरी धरली, पण मन रमले ते रानावनात. १८५२ साली ते मेलबर्नला आले. सोन्याच्या शोधात जगभरातून माणसे व्हिक्टोरियात लोटत होती. त्या गर्दीत औषधाचे दुकान थाटावे असा त्यांचा बेत होता. तो बेत तसाच राहिला. व्हिक्टोरियाचे लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स ला ट्रोब यांनी १८५३ च्या आरंभी त्यांची वसाहतीचे शासकीय वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. वय अवघे सत्तावीस. हे पद त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे सांभाळले.

नेमणूक होताच म्युलर घोड्यावर स्वार होऊन निघाले. पहिल्या दोन वर्षांतच त्यांनी बफेलो, बुलर या पर्वतांपासून बोगाँगच्या उंच पठारापर्यंतचा डोंगराळ प्रदेश पालथा घातला. या भागाची वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहणी तोपर्यंत झालीच नव्हती. हिमाच्छादित शिखरांच्या कुशीत शेवाळाच्या गादीसारख्या पसरलेल्या पाणथळ जागा, त्यांतून उगम पावणारे स्वच्छ ओढे आणि त्यांच्या काठची, जगात अन्यत्र न आढळणारी झुडपे त्यांनी पाहिली, नोंदवली, वाळवून कागदावर चिकटवली. १८५५-५६ मध्ये ऑगस्टस ग्रेगरी यांच्या मोहिमेबरोबर ते उत्तर ऑस्ट्रेलियात गेले. तेथून परतल्यावर १८५७ साली मेलबर्नच्या वनस्पती उद्यानाचे संचालकपदही त्यांच्याकडे आले.

त्यांच्या कामाचा आवाका पाहून आजही मन थक्क होते. सुमारे दोन हजार वनस्पतींना त्यांनी प्रथमच शास्त्रीय नावे व वर्णने दिली. आज जगभर चवीने खाल्ला जाणारा मॅकाडेमिया हा सुकामेवा ज्या झाडाचा, त्या झाडाच्या कुळालाही त्यांनीच आपल्या एका सहकाऱ्याचे नाव दिले. व्हिक्टोरियाचे राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालय त्यांच्या हातून उभे राहिले. ऑस्ट्रेलियाच्या समग्र वनस्पतींचा ग्रंथ आपण लिहावा ही त्यांची मोठी आकांक्षा होती. ते काम मात्र लंडनजवळच्या क्यू येथील जॉर्ज बेंथम यांच्याकडे गेले. बेंथम यांनी ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते. म्युलर यांनी मनातील सल बाजूला सारून आपले अमूल्य नमुने पेट्यापेट्यांनी क्यूला पाठवले. १८६३ ते १८७८ या काळात तो सात खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि म्युलर यांच्या वाट्याला साहाय्यकाचा उल्लेख आला.

असा हा निसर्गाचा साक्षेपी अभ्यासक दुसरीकडे निसर्गात भर घालण्याच्या ध्यासानेही झपाटलेला होता. यात त्या काळाला विसंगती दिसत नसे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांना ऑस्ट्रेलियाची भूमी अपुरी, अर्धवट राहिलेली वाटे. तिच्यात रसाळ फळे नाहीत, गोड गळ्याचे पक्षी नाहीत, शरद ऋतूत पाने झडून सोनेरी होणारे वृक्ष नाहीत, ही त्यांची खंत. या उणिवा भरून काढण्यासाठी मेलबर्नमध्ये १८६१ साली परदेशी प्राणी व वनस्पती रुजवणारी संस्था स्थापन झाली. म्युलर तिच्या धुरीणांपैकी एक होते. याच लाटेत, १८६२ च्या सुमारास आपल्या अंगणातली साळुंकी मेलबर्नमध्ये सोडण्यात आली आणि आज ती तेथे स्थानिक पक्ष्यांची घरटी बळकावणारा उपद्रवी पक्षी मानली जाते.

म्युलर यांचे उद्यान या कार्याचे केंद्र बनले. शाळा, चर्च, दवाखाने, स्मशाने, रेल्वे स्थानके, जो कोणी मागेल त्याला तेथून रोपे व बिया मिळत. डोंगरांतील प्रवासात ब्लॅकबेरीच्या बिया सोबत नेऊन त्या ओढ्यांकाठी पेराव्यात, पुढे कधी वाट चुकलेल्या प्रवाशाला चार फळे तरी मिळतील, असा त्यांचा विचार. तो कृतीतही उतरला. त्या काटेरी जाळ्यांनी पुढे मैलोन्‌मैल काठ व्यापले. १९९९ च्या त्या वीस तणांत विलोबरोबर ब्लॅकबेरीचाही समावेश आहे.

या विचाराचे सार म्युलर यांनी एका ग्रंथात ओतले. उष्ण कटिबंधाबाहेरील प्रदेशांत लागवडीस व रुजवण्यास योग्य अशा जगभरातील वनस्पतींची ती सूची १८७६ साली प्रथम पुस्तकरूपाने आली आणि नंतर तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. १८८० साली तिची खास भारतीय आवृत्ती कोलकात्यात छापली गेली, जर्मन भाषेतही ती गेली. धान्य, चारा, लाकूड, औषध, रंग, दोर अशा उपयोगांनुसार वनस्पती निवडणाऱ्या या सूचीत विलोच्या अनेक जातींना जागा मिळाली. टोपल्या विणण्यासाठी लवचीक फोक आणि काठाची माती धरून ठेवणारी मुळे हे त्यांचे गुण कोणालाही पटण्यासारखे होते. उपयुक्त झाड ते चांगले झाड, हा त्या सूचीचा गृहीत सिद्धांत. ते झाड आपल्या कह्यात राहील का, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला जात नसे.

देवाणघेवाण दुहेरी होती. ऑस्ट्रेलियाचा निळा गोंदवृक्ष, म्हणजे आपल्याकडे निलगिरी या नावाने ओळखला जाणारा युकॅलिप्टस, जगभर पोहोचवण्यात म्युलर यांचा वाटा फार मोठा. अल्जीरिया, इटली, फ्रान्स, कॅलिफोर्निया, जेथून मागणी येई तेथे त्यांच्याकडून बिया रवाना होत. झपाट्याने वाढणारे आणि भरपूर पाणी शोषणारे हे झाड दलदली कोरड्या करील, हिवताप हटवील, अशी त्यांची श्रद्धा होती. भारतात तामिळनाडूच्या निलगिरी पर्वतावर हे झाड त्यांच्या आधीच येऊन पोहोचले होते आणि त्या पर्वताचेच नाव मराठीत त्या झाडाला मिळाले. पाणी शोषण्याच्या ज्या गुणासाठी एकेकाळी त्याची स्तुती झाली, त्याच गुणासाठी पुढे अनेक देशांत त्याच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून नद्यांचे पाणी वाचवण्यासाठी परदेशी झाडे तोडण्याची देशव्यापी मोहीम हाती घेतली, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आलेले युकॅलिप्टस व बाभूळवर्गीय वृक्ष तिचे प्रमुख लक्ष्य ठरले. एका देशाच्या काठावरून विलो निघतो आहे आणि दुसऱ्या देशाच्या काठावरून निलगिरी. दोन्हींच्या मुळाशी शुभ हेतूच होता.

व्यक्तिगत आयुष्यात मात्र या दात्याच्या पदरी निराशा आली. मेलबर्नच्या नागरिकांना उद्यानात हिरवळ, कारंजी, पुतळे आणि फिरण्यासाठी नागमोडी वाटा हव्या होत्या. म्युलर यांनी त्यांना दिल्या त्या कुळांनुसार शिस्तीत लावलेल्या वृक्षांच्या रांगा. टीका वाढत गेली आणि १८७३ साली उद्यानाचे संचालकपद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. नवे संचालक विल्यम गिलफॉइल यांनी उद्यानाचा चेहरामोहरा पालटला. शासकीय वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद राहिले, पण उद्यानातील घर गेले. हा घाव ते अखेरपर्यंत विसरले नाहीत. वुर्टेमबर्गच्या राजाने १८७१ मध्ये बहाल केलेली बॅरन ही पदवी, ब्रिटिश राणीने १८७९ मध्ये दिलेला सर हा किताब, १८८८ मध्ये रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक, हे सारे सन्मान त्यांच्या छातीवर होते, पण स्वतःच्या हातांनी वाढवलेली झाडे दृष्टीआड झाली होती. लग्न ठरूनही त्यांनी संसार थाटला नाही. पगाराचा मोठा हिस्सा ग्रंथ, नमुने आणि संग्राहकांवर खर्च होई. वर्षाला हजारो पत्रे लिहिणारा, क्षयाच्या भीतीने गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून बसणारा हा एकाकी विद्वान १० ऑक्टोबर १८९६ रोजी मेलबर्नमध्ये निवर्तला. सेंट किल्डाच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्या मृत्यूनंतरही झाडे वाढतच राहिली. गुरांच्या चराईने आणि जंगलतोडीने काठ ढासळू लागले, तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यास नदी व्यवस्थापनाच्या सरकारी यंत्रणांनीच विलोची मोठ्या प्रमाणावर लागवड केली. काडी रोवली की झाड उभे, याहून स्वस्त उपाय कोणता? परंतु तीच सोय पुढे संकट ठरली. विलोची डहाळी पुरात मोडते, वाहत जाते, खाली कोठेतरी चिखलात अडकते आणि मूळ धरते. प्रारंभी आलेली बरीच झाडे एकाच लिंगाची असल्याने बी धरत नव्हती. नवनव्या जाती येत गेल्या, नर व मादी झाडे जवळ आली, संकर झाले आणि कापसासारखे हलके बी वाऱ्यावर कित्येक किलोमीटर उडू लागले.

ऑस्ट्रेलियातील काठावरची देशी झाडे सामान्यतः काठावरच राहतात. विलोची मुळे मात्र थेट पात्रात शिरून जाळे विणतात. त्यात गाळ अडकतो, तळ वर येतो, पाणी बाजूला वळते आणि समोरचा काठ कापू लागते. काठ राखण्यासाठी लावलेले झाड काठच पोखरायला कारणीभूत होते. देशी युकॅलिप्टस सदाहरित. त्याची चिवट पाने वर्षभर थोडीथोडी पाण्यात पडतात आणि सावकाश कुजतात. विलोची मऊ पाने शरद ऋतूत एकदम गळतात, झपाट्याने कुजतात आणि पाण्यातील प्राणवायू खातात. उन्हाळ्यात त्याच्या दाट सावलीखाली अंधार, तर हिवाळ्यात उघडे आकाश. त्या प्रवाहातील कीटक आणि मासे यांचे जीवन या वेळापत्रकाशी जुळलेले नाही. पाण्याचा हिशेबही मोठा आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीनुसार, पात्राच्या आत वाढलेल्या विलोंचे एक हेक्टर छत्र काढल्यास वर्षाकाठी सुमारे ५५ लाख लिटर पाणी वाचू शकते. काठावरच्या विलोंच्या बाबतीत मात्र असा लाभ दिसून आला नाही, कारण तेथे त्यांची जागा घेणारी देशी झाडेही पाणी पितातच.

म्हणूनच विलो हटवण्याचे काम सरसकट कुऱ्हाड चालवण्याचे नाही. नुसते तोडले तर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. तोडलेल्या फांद्या पाण्यात राहिल्या तर त्यांचीच रोपे होतात. त्यामुळे फांदीने पसरणाऱ्या जातींसाठी काम प्रवाहाच्या वरच्या अंगापासून सुरू करून खाली आणले जाते. बियांनी पसरणाऱ्या जातींत बी धरणारी झाडे आधी गाठावी लागतात. खोडाला भोके पाडून मोजके तणनाशक भरतात किंवा तोडल्याबरोबर बुंध्याला ते लावतात. मोठी झाडे यंत्राने काढताना मुळे जमिनीतच ठेवतात, नाहीतर काठ पुराबरोबर वाहून जाईल. एकदम सारा काठ उघडा केला तर सावली नाहीशी होऊन पाणी तापते, म्हणून टप्प्याटप्प्याने विलो काढायचे, कुंपण घालून गुरे दूर ठेवायची, देशी रोपे लावायची आणि पुढे कित्येक वर्षे नवी रोपे उपटत राहायची, असा हा धीराचा क्रम आहे. लोकांच्या मनाचाही प्रश्न असतो. आजोबांच्या काळापासून नदीवर झुकलेला विलो तोडताना गावकऱ्यांचा जीव तुटतो. त्याच्या सावलीत त्यांचे बालपण गेलेले असते.

२००३ च्या भीषण वणव्यात व्हिक्टोरियाचा पर्वतीय प्रदेश होरपळला. बोगाँगच्या पठारावरील दलदली जळाल्या, उघड्या पडल्या, आणि दूरच्या खोऱ्यांतून वाऱ्यावर आलेल्या करड्या विलोच्या बियांना तेथे रुजायला ओली, मोकळी माती मिळाली. दीडशे वर्षांपूर्वी तरुण म्युलर ज्या शेवाळाच्या गाद्यांतून वनस्पती वेचत फिरले होते, त्याच भागात पुढे वर्षानुवर्षे कर्मचारी व स्वयंसेवक वाकून विलोची रोपे शोधू लागले.

काठावरून विलो निघाल्यावर तेथे काय लावायचे, हा प्रश्न उरतोच. त्या ओढ्याकाठी पूर्वी कोणती झुडपे, कोणते गवत, कोणता वृक्ष होता, हे सांगायला आज कोणी हयात नाही. ते सांगतात जुने वाळवलेले नमुने आणि त्यांवरील ठिकाण व तारखेच्या चिठ्ठ्या. मेलबर्नच्या ज्या संग्रहालयाची पायाभरणी म्युलर यांनी केली, तेथे असे सुमारे पंधरा लाख नमुने जतन केलेले आहेत. परक्या झाडांचा पुरस्कार करणाऱ्या हातांनीच मूळच्या वनराईची साक्षही जपून ठेवली.

म्युलर यांना दोषी ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यांनी जे केले ते प्रेमाने, कष्टाने, स्वतःची झोळी रिकामी करून केले. त्यांच्या पिढीला झाड म्हणजे निव्वळ पुण्य वाटे. आजही कोठे वृक्षारोपणाचा संकल्प सुटला की रोपांची संख्या मोजली जाते, जात क्वचितच विचारली जाते. रोप लावायला एक सकाळ पुरते. ते चुकीच्या काठावर लागले, तर काढायला कित्येक पिढ्यांचे हात लागतात. झाडे वाटत हिंडलेल्या त्या बॅरनच्या आयुष्याने मागे ठेवलेला हा हिशेब अजून पुरता चुकता झालेला नाही.